बाळंतिणींच्या वॉर्डात चार पिस्तुलं

मोठ्या सिस्टरांच्या कमरेला पिस्तूल आलं त्या दिवशी त्यांना पहिली अडचण आली ती बाळ उचलताना. इतकी वर्षं एका सवयीने त्या नुकतं जन्मलेलं बाळ डाव्या कुशीत घ्यायच्या. आता त्या कुशीखाली लोखंड टोचायला लागलं. पट्टा उजवीकडे फिरवला तर खाटांच्या कठड्याला अडकायचा, मागे फिरवला तर बसता यायचं नाही. शेवटी त्यांनी बाळंच उजव्या कुशीत घ्यायला सुरुवात केली. बाळांची काही तक्रार नव्हती, पण सिस्टरांचा हात अवघडायचा.

हे सगळं झालं त्या बेटापायी. समुद्रात कुठेतरी एक खडकाळ बेट होतं, त्यावर माणूस राहत नव्हता, रानशेळ्या तेवढ्या होत्या. शेजारच्या देशाने म्हटलं, शेळ्या आमच्या. आपल्या सरकारने म्हटलं, आमच्या. राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खऱ्याच शेळ्या सापडल्या आणि युद्ध जाहीर झालं. हॉस्पिटलमधले शिपाई, ट्रॉली ओढणारे मामा, गेटवरचे तगडे रखवालदार, भूल देणारे जुने डॉक्टर असे एकेक करून सगळे आघाडीवर गेले. मग पेपरवाले विचारायला लागले, शहराची राखण कोण करणार? सरकारने वटहुकूम काढला : ज्याची त्याने करावी. सज्ञान माणसाला कुठेही, कधीही बंदूक बाळगता येईल. शाळेत, बसमध्ये, हॉस्पिटलमध्ये, कुठेही. शिवाय प्रत्येक वॉर्डाच्या प्रमुखाने सरकारी पिस्तूल भरून कमरेला लावायचंच. ड्यूटीवर असताना ते अंगावरून उतरवणं हा गुन्हा.

त्याचं प्रशिक्षण कॅन्टीनमध्ये झालं. सरावाच्या गोळ्या आघाडीवर गेल्या होत्या, म्हणून प्रशिक्षकाने तोंडानेच 'ठो, ठो' करून दाखवलं. नियम त्याने एकच शिकवला : "ज्याच्या हातात शस्त्र, तो शत्रू. आधी गोळी, मग चौकशी."

"पण आता सगळ्यांच्याच हातात असणार ना?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं होतं.

प्रशिक्षक म्हणाला, "हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

गेटवरचा जुना बोर्ड मात्र कुणी बदलला नाही. चाकू, कात्री, काडेपेटी आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई. गेटवर राहिलेले एकटे वॉचमनकाका गुडघ्याने अधू, म्हणूनच राहिलेले. ते येणाऱ्याच्या पिशवीतली केळी काढून घ्यायचे आणि पिस्तूल परत आत ठेवायचे. "काय करू सिस्टर?" ते म्हणायचे. "केळ्यांसाठी कायदा झाला नाही ना अजून."

त्या दुपारी सिस्टरांच्या धाकट्या भावाचा आघाडीवरून फोन आला. आवाज तुटत होता.

"ताई, बरा आहे मी. फक्त इथे तिघांत एक बंदूक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याची पाळी तो धरतो. बाकीचे दोघं त्याच्या मागे बसतो."

"अरे, इथे पेन्शनर लोक बंदुका घेऊन दूध आणायला जातात!"

"ऐकलंय," तो हसला. "आमचा हवालदार म्हणतो, शत्रूने आपल्या शहरावर हल्ला केला तर फार बरं होईल. सगळी शस्त्रं तिकडेच आहेत."

फोन कटला. सिस्टर पुन्हा लावायला गेल्या तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली. त्या हाकेचा सूर सिस्टरांना चांगला ठाऊक होता. त्या धावल्याच.

सकाळपासून कळा देत असलेली बाई एका बसड्रायव्हरची बायको होती. पहिलटकरीण. बाळाचे ठोके खाली येत चालले होते. "आता थांबायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी हात धुवायला जाते, तुम्ही तिला ऑपरेशनला आणा. लगेच." आणि त्या गेल्या.

सिस्टरांनी तिला मॉनिटरसकट ट्रॉलीवर घेतलं आणि ट्रॉली कशीबशी दाराबाहेर काढली. ड्रायव्हर बाहेर व्हरांड्यात उभा होता. कामावरून तसाच आलेला, अंगात युनिफॉर्म. माणूस तसा गरीब स्वभावाचा. पण गेल्या महिन्यात त्याच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून दोन प्रवाशांनी एकमेकांवर पिस्तुलं रोखली, तेव्हापासून तोही एक बाळगायला लागला होता. सकाळपासून तो वेटिंगमधल्या टीव्हीसमोर बसला होता, आणि टीव्हीवर दर थोड्या वेळाने सरकारी सूचना येत होती : सावध राहा, शत्रूचे हस्तक आपल्यात मिसळले आहेत. ते कुठल्याही वेशात असू शकतात. पोस्टमनच्या, शिक्षकाच्या, डॉक्टरच्यासुद्धा.

सिस्टर ऑपरेशनच्या कागदावर त्याची सही घेऊन वळल्या, तेवढ्यात दुसऱ्या दाराने भूल देणारा नवा डॉक्टर आला. आदल्याच दिवशी बदलीवर आलेला. हिरवी टोपी, तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसतायत. त्याने ट्रॉलीवरच्या बाईचा हात धरला आणि सलाईनच्या नळीत इंजेक्शन द्यायला सुई पुढे केली.

"ए!" ड्रायव्हर ओरडला. "कोण तू? काय टोचतोयस तिला?"

"बाजूला व्हा, वेळ नाहीये," डॉक्टर म्हणाला. घाईत माणूस जसा बोलतो तसा, मान वर न करता. तेवढंच चुकलं.

ड्रायव्हरने पिस्तूल काढलं.

व्हरांड्यात क्षणभर कुणाला काही उमगलंच नाही. मग बाकावर बसलेले 'कर्नल' ताडकन उठले. कर्नल म्हणजे कर्नल नव्हते. जन्मभर वीजबिलाच्या कचेरीत नोकरी झालेली. मिशांमुळे हे नाव पडलेलं आणि युद्ध लागल्यापासून ते त्यांनी मनावर घेतलेलं. नातीला बघायला आले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून आपलं पिस्तूल बाहेर काढलं. "शस्त्र खाली टाक!" ते गरजले. पिस्तूल ड्रायव्हरकडे, मग डॉक्टरकडे, मग पुन्हा ड्रायव्हरकडे फिरलं. नक्की कुणावर रोखायचं हे त्यांचं ठरत नव्हतं.

त्यांच्याशेजारी एक सासूबाई सुनेची वाट बघत विणकाम करत बसल्या होत्या. त्यांना दिसला तो मिशाळ माणूस, बाळंतिणीच्या दिशेने पिस्तूल नाचवणारा. त्यांनी लोकरीच्या गुंड्याखाली हात घातला. "अहो, खाली करा ते!" त्या किंचाळल्या, आणि त्यांचं पिस्तूल कर्नलच्या कानाशी आलं.

नवा डॉक्टर दोन्ही हात वर करून उभा राहिला. एका हातात सुई तशीच.

सिस्टरांचा हात आपोआप कमरेला गेला होता. पट्ट्याचं बटण सुटलं, मुठीला गार लोखंड लागलं. ज्याच्या हातात शस्त्र, तो शत्रू. त्या नियमाने आता तिघांना मारायला हवं होतं आणि मग आरशात बघून चौथीला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते ठीक, पण इथे माकडंही नव्हती. घाबरलेली साधी माणसं होती, प्रत्येकाला वाटत होतं आपण कुणाचा तरी जीव वाचवतोय. हेच सगळ्यात भयंकर होतं. डोकं फिरलेला एखादा असता तर त्याला ओळखता तरी आलं असतं.

ट्रॉलीवरची बाई कण्हली. मॉनिटरवरचा आकडा आणखी उतरला.

सिस्टरांनी बोटं मुठीवरून काढली. पट्टा सोडला. जवळ बाळांचा वजनकाटा होता, त्याच्या पांढऱ्या परडीत त्यांनी पिस्तूल ठेवलं. पट्ट्यासकट. काटा थरथरत वर चढला.

"मी माझं ठेवलं," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरदादा, माझ्याकडे बघा. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे."

"सिस्टर, हा कोण आहे? सकाळपासून एकदाही दिसला नाही हा!"

"भूल देणारे डॉक्टर आहेत. जुने होते त्यांना सरकारने आघाडीवर नेलं, म्हणून हे आले."

"कशावरून?"

डॉक्टरने हळूच, एका बोटाने मास्क खाली ओढला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, ओठ पांढरे पडलेले. रात्रभर जागलेला माणूस.

"टीव्हीवर सांगितलंय," ड्रायव्हरचा आवाज चिरकला, "असेच दिसतात ते!"

"कसे दिसतात?"

"आपल्यासारखे! अगदी आपल्यासारखेच दिसतात!"

सासूबाईंनी एकदा डॉक्टरकडे बघितलं, एकदा कर्नलकडे. कर्नलच्या कपाळावरून घाम मिशीत उतरत होता.

"दादा," सिस्टर म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होतायत. तो आकडा दिसतोय ना? तो खाली येतोय. ऑपरेशनची खोली व्हरांड्याच्या त्या टोकाला आहे. ट्रॉली ओढणारे मामा होते, ते त्या बेटावर शेळ्या राखायला गेले. मी पुढून ओढणार, डॉक्टर सलाईन धरणार. मागून ढकलायला माणूस नाही. या ट्रॉलीचं एक चाक तिरकं जातं, एका हाताने नाही ढकलता येत. तुम्ही ढकलणार का?"

ड्रायव्हर हलला नाही. पिस्तूल डॉक्टरच्या छातीवर तसंच.

तेव्हा ट्रॉलीवरूनच आवाज आला. "अहो!" त्याची बायको कोपरावर उठायची धडपड करत होती. "मी मरतेय इथे, आणि तुमचं काय चाललंय? ठेवा ते आणि ढकला!"

इतक्या माणसांनी सांगून जे झालं नव्हतं ते या एका 'अहो'ने झालं. ड्रायव्हरचे खांदे पडले. "कुठे ठेवू?" त्याने विचारलं, जसं काही पाहुण्यांच्या घरी ओली छत्री कुठे ठेवायची ते विचारावं.

सिस्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. परडीत दुसरं पिस्तूल पडलं. त्याने ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"आता तुम्ही," सिस्टर कर्नलना म्हणाल्या. "हळूच खाली करा. सासूबाई, तुम्हीही."

सासूबाईंनी खाली केलं. कर्नलनीही केलं. केलं म्हणजे, करत होते. घामेजल्या अंगठ्याने ते घोडा सावरायला गेले आणि तो निसटला.

आवाज इतका मोठा झाला की काही क्षण कान नुसते वाजत राहिले. भिंतीत भोक पडलं होतं. व्हरांड्याची ती भिंत विटांची नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. आणि पार्टिशनच्या पलीकडे बाळांची खोली होती.

पलीकडून एकदम सगळी बाळं रडायला लागली.

सगळी? की एखादं कमी? सिस्टरांना कळेना. पाय त्या दाराकडे वळला होता. आत छोट्या सिस्टर होत्या, वॉर्डातल्या त्यांच्या मदतनीस. आणि हात ट्रॉलीवर होता, आणि आकडा उतरत होता. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्ही बघा!" एवढंच त्या ओरडल्या आणि ट्रॉली ओढायला लागल्या.

तो व्हरांडा कधी संपला ते त्यांना कधीच आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की मागे ड्रायव्हर चाक भिंतीला घासू न देता ढकलत होता, आणि ढकलता ढकलता रडत होता. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. डॉक्टरीणबाईंनी फक्त "तो आवाज कसला?" असं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "नंतर." भूल दिली गेली. ज्या डॉक्टरवर थोड्या वेळापूर्वी पिस्तूल रोखलं होतं त्याचा हात जराही हलला नाही. सिस्टर एकेक हत्यार पुढे करत राहिल्या, आणि त्यांचं अर्धं मन भिंतीतल्या भोकातून पलीकडे बघत राहिलं. कुणी येऊन सांगत का नाही? चांगलं असतं तर सांगितलं असतं ना?

बाळ निळं निघालं. डॉक्टरीणबाईंनी पाठ चोळली, नळीने तोंड साफ केलं. बराच वेळ काही नाही. मग एक बारीक, चिडका सूर निघाला. मुलगी.

दार उघडून सिस्टर बाहेर आल्या तेव्हा ड्रायव्हर जमिनीवर बसला होता. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत," त्या म्हणाल्या आणि त्याचं काही ऐकायला न थांबता बाळांच्या खोलीकडे धावल्या.

बाळं सुखरूप होती. सासूबाई दोन कुशींत दोन घेऊन मधोमध बसल्या होत्या. पण छोट्या सिस्टर भिंतीशी टेकून होत्या, पांढरा युनिफॉर्म खांद्यापासून लाल झालेला. गोळी दंडातून आरपार गेली होती. गोळी आली तेव्हा त्या वाकून एका बाळाचं दुपटं सारखं करत होत्या. वाकल्या नसत्या तर दंडावर भागलं नसतं. त्यांच्या दंडाला घट्ट बांधलेलं होतं ते सासूबाईंचं अर्धवट विणलेलं टोपरं, लोकरीसकट.

कर्नल व्हरांड्यात तसेच उभे होते. "सुटली," ते म्हणत होते. "मी नाही मारली. आपोआप सुटली."

ते खरंच होतं, आणि कायद्यात त्याचीही सोय होती. सद्भावनेने बाळगलेल्या शस्त्रातून अनवधानाने सुटलेली गोळी हा गुन्हा नाही. चौकशीला आलेल्या साहेबांनी ते कलम वाचून दाखवलं. ड्रायव्हरचाही गुन्हा नव्हता, कारण त्याला प्रामाणिक भीती वाटली होती. गुन्हा झाला होता एकच : वॉर्डप्रमुखाने ड्यूटीवर असताना सरकारी पिस्तूल अंगावरून उतरवून ते बाळांच्या वजनकाट्यावर ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरही नव्हता. सिस्टरांवर कारवाई प्रस्तावित झाली.

टीव्हीवर त्याच संध्याकाळी बातमी आली : सशस्त्र नागरिकांच्या दक्षतेमुळे प्रसूतिगृहातला अनर्थ टळला. जीवितहानी नाही. छोट्या सिस्टरांच्या हाताची दोन बोटं पुढे कधी धड वळली नाहीत, पण बोटं म्हणजे काही जीवित नव्हे.

मग खुद्द मंत्री यायचे ठरले, कर्नलचा सत्कार करायला. ज्या दिवशी येणार त्या सकाळी काळ्या गाड्या आल्या, सुरक्षा अधिकारी उतरले आणि गेटवर लाँड्रीच्या मोठ्या टोपल्या मांडल्या गेल्या. येणाऱ्या प्रत्येकाचं पिस्तूल टोपलीत. नर्सेसची, नातेवाइकांची, डॉक्टरांची. कर्नलचंसुद्धा, त्यांनी मिशा फेंदारल्या तरी. केळी मात्र आत जाऊ दिली. सुरक्षेच्या यादीत केळी नव्हती.

मोठ्या सिस्टर टोपलीपाशी थांबल्या. "हे कशाला?"

"आदेश आहे," सुरक्षा अधिकारी म्हणाला. उंच, शांत माणूस. "मंत्रिमहोदयांच्या भेटीच्या काळात आवारात एकही शस्त्र नको."

"का?"

"धोका असतो."

"पण जितकी शस्त्रं जास्त तितका धोका कमी, असं त्यांनीच सांगितलंय ना?"

अधिकाऱ्याची नजर गेटमधून दिसणाऱ्या व्हरांड्यातल्या पार्टिशनवर गेली, तिथल्या भोकावर. भोकाला चिकटपट्टी लावलेली होती.

मंत्री छान बोलले. वॉर्डात खुर्च्या मांडल्या होत्या, बाळंतिणींना खाटांवरच बसवून ठेवलं होतं. एक बाळ रडायला लागलं तर मंत्री म्हणाले, "रडू दे, हा स्वातंत्र्याचा आवाज आहे." टाळ्या झाल्या. कर्नलच्या छातीवर पदक लागलं. मग मंत्र्यांनी औदार्याने विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

मोठ्या सिस्टर उठल्या. कारवाई डोक्यावर होतीच. आणखी काय होणार होतं?

"साहेब, माझा धाकटा भाऊ बेटावर आहे. त्यांच्यात तिघांत एक बंदूक आहे. इथे या वॉर्डात त्या दिवशी चार होत्या. एकीचाही उपयोग झाला नाही, एकीने माझ्या मुलीसारख्या पोरीचा हात गेला. त्या चार तिकडे पाठवता येतील का?"

हॉस्पिटलच्या अधिष्ठाता साहेबांनी डोळे मिटून घेतले. मंत्री मात्र हसले. असे प्रश्न त्यांना सरावाचे असावेत.

"ताई, तुमची भावना मी समजू शकतो. पण शत्रू नुसता बेटावर नसतो. शत्रू कुठेही असतो. म्हणूनच मी या वॉर्डावर स्वतः लक्ष ठेवणार आहे. मी पुन्हा येईन! कधीही येईन, न सांगता येईन!"

पुन्हा टाळ्या. गाड्या धुरळा उडवत गेल्या.

गेटवर लोक आपापली पिस्तुलं परत घ्यायला गोळा झाले. वॉचमनकाका टोपलीत हात घालणार, तोच मोठ्या सिस्टर खुर्च्यांमधून वाट काढत तिथे पोहोचल्या. सुरक्षा अधिकारी शेवटच्या गाडीत बसत होता.

"साहेब, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "भेटीच्या काळात आवारात शस्त्र नको, असा आदेश आहे ना?"

"हो."

"आणि मंत्रिसाहेब म्हणाले, ते कधीही येतील. न सांगता."

अधिकाऱ्याने गाडीचं दार अर्धं धरलेलं होतं. त्याला कळलं. त्याने टोपलीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाही न हलवता तो म्हणाला, "आदेश मागे घेतल्याचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"मग टोपल्या?"

"राहू द्या इथेच. उगाच धोका नको."

गाडी गेली. रांगेत कुजबुज झाली, दोघाचौघांनी आवाज चढवला. कायदा, अधिकार, असं काहीबाही. वॉचमनकाका खुर्ची ओढून टोपलीसमोर बसले आणि अधू गुडघा लांब पसरला. "जाताना घ्या," ते म्हणाले. "आत जाताना इथे ठेवा, बाहेर जाताना न्या. मंत्रिमहोदयांच्या जिवाचा प्रश्न आहे."

सिस्टरांवरची कारवाईही त्याच चिखलात रुतली. पिस्तूल उतरवलं म्हणून शिक्षा द्यावी, तर आता सगळं हॉस्पिटलच उतरवून फिरत होतं, तेही वरच्या आदेशाने.

ड्रायव्हर बायकोला आणि लेकीला घेऊन घरी निघाला तेव्हा वॉचमनकाकांनी त्याचं पिस्तूल काढून पुढे केलं. त्याने डाव्या हातात पिशव्या घेतल्या होत्या, उजव्या कुशीत लेक.

"हात रिकामा नाही," तो म्हणाला.

"मग कधी नेताय?"

"बघू," म्हणून तो गेला. पुन्हा काही आला नाही. सासूबाईंचंही तिथेच राहिलं. त्यांनी फक्त लोकर परत मागितली.

बेट पुढे एकदा जिंकलं, एकदा हरलं, आणि दोन्ही वेळा टीव्हीवर संगीत वाजलं. सिस्टरांचा भाऊ पायाला पट्टी बांधून घरी परतला आणि शेळ्यांचं नाव काढलं की जेवणावरून उठायला लागला. इतर हॉस्पिटलांत, शाळांत, बसमध्ये पिस्तुलं होती तशीच राहिली. मंत्री परत कधी आले नाहीत.

कर्नल मात्र एकदा आले. आता चालायला लागलेल्या नातीला डोस पाजायचा होता. ते गेटपाशी उभे राहिले, छातीवर पदक, हात कोटाच्या खिशात. वॉचमनकाकांनी टोपली पुढे सरकवली. कर्नलनी मिशीवरून हात फिरवला. दोन बोटांनी, विंचू धरावा तसं, पिस्तूल बाहेर काढलं आणि टोपलीत सोडलं. मग जरा थांबून त्यांनी पदकही काढलं. काका म्हणाले, "ते चालतं आत."

"असू दे," कर्नल म्हणाले. "आत त्या छोट्या सिस्टर असतील ना?"

"असतील."

कर्नलनी मान हलवली, पदक टोपलीत टाकलं आणि नातीचं बोट धरून ते आत गेले.